दोन आणि तीनच्या मधली जागा

एक वार.

"एक वार!"

चाकणच्या बाजारात पालथ्या खोक्यावर उभा राहून कोंडीराम ओरडला. समोर कांद्याचा ढीग, ढिगाभोवती व्यापारी, आणि व्यापाऱ्यांच्या मागं कांदा पिकवणारा, हाताची घडी घालून, जीव मुठीत धरून.

आता "दोन वार!" यायला हवं होतं. कोंडीरामचं तोंड उघडलं, मानेची शीर फुगली, आणि बाहेर आली ती नुसती हवा, फाटक्या भात्यातून निघावी तशी.

हशा.

"कोंडीराम, कोंबडा गिळला का रं?" आडत्या दौलतराव गादीवरून म्हणाले. "पुकारतोयस का आरवतोयस?"

"बसलाय जरा आवाज, मालक," कोंडीराम खाकरून म्हणाला.

"बसलाय तर उठंल की. बसलेलं उठतंच. निजलेल्याचं सांगता येत न्हाई."

पुन्हा हशा. कोंडीरामही हसला. त्याचा आवाज बसणं ही बाजारातली जुनीच गोष्ट. सुताराचा अंगठा ठेचायचा तसा पुकाऱ्याचा आवाज बसायचा. ज्येष्ठमध चघळला की उठायचा. यंदा तो दिवाळीत बसला होता आणि आता संक्रांत आली होती, एवढाच काय तो फरक.

इथं थांबून कोंडीरामचा हुन्नर सांगितला पाहिजे. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

लिलाव कुणीही पुकारावा. एक म्हणायचं, दोन म्हणायचं, तीन म्हटलं की माल गेला. कसब आहे ते दोन आणि तीनच्या मधल्या जागेत. तिथं कोंडीराम थांबायचा. पागोटं सारखं करायचा. ढिगातला कांदा उचलून नखानं सोलायचा, नाकाशी धरायचा. बिडी शिलगवायचा. कुणा व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या बापाची तब्येत विचारायचा. तेवढ्यात कुणाचा तरी धीर सुटायचा आणि भाव चढायचा. "तीन म्हनायची घाई येड्यानं करावी," तो सांगायचा. "थांबलं की मिळतंच."

जन्मभर या माणसाला थांबण्याचंच फळ मिळत आलं होतं.

त्याचा दोस्त भिमाजी बैलबाजारात दलाली करायचा. त्याचा धंदा उलटा, मुका. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालणार, एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणार. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही.

"मुक्यांचा बाजार तुजा, भिमा," कोंडीराम चिडवायचा. "मंग तोंड दिलंय कशाला देवानं?"

"खोटं बोलाया. उपरण्याच्या वर काय वाट्टेल ते बोलावं. बैल गायीवानी गरीब हाय म्हनावं, लाथ कशी ती ठावं न्हाई म्हनावं. पर उपरण्याखाली खोटं चालत न्हाई, कोंड्या. तितं ज्यानं बोट फिरवलं, त्याच्या हातात पुन्यांदा कुनी हात देत न्हाई."


दोन वार.

बायकोला, भागूबाईला, हिवताप भरला म्हणून कोंडीराम तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर तरुण, पुण्याकडचा. त्यानं नाडी भागूबाईची धरली होती, पण बघत होता कोंडीरामकडे.

"आवाज कधीपासून असा आहे?"

"माजा? मी आजारी न्हाई, सायेब. ही हाय."

"ते कळलं. आवाज कधी बसला?"

"दिवाळीत."

"घसा दुखतो?"

"छ्या! दुखत असता तर आलोच असतो की."

"दुखत असता तर मी गुळण्या सांगून घरी पाठवलं असतं. दुखत नाही, म्हणूनच विचारतोय. बिडी ओढता?"

"वडतो की. धंद्याला लागती."

डॉक्टरनं भागूबाईचा हात खाली ठेवला. "हे बघा कोंडीराम, सर्दीनं, ओरडण्यानं बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत उठतो. त्यानंतरही बसूनच राहिला तर घसा आतून बघून घ्यायचा असतो. ते इथं जमत नाही. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात लांब दांडीचा बारका आरसा घशात धरून बघतात. कापणं नाही, टोचणं नाही. उद्याच्या एस.टी.नं जा."

"आन् काय दिसंल त्यात?"

डॉक्टर घुटमळला. मग त्यानं सरळ सांगितलं. "बहुतेक काहीच नाही दिसणार. पण कॅन्सरची सुरुवातही अशीच असते. सुरुवातीलाच सापडला तर किरणं देऊन बरा होतो, आवाज शाबूत राहून. थांबलात तर मग माझ्या हातात नाही आणि त्यांच्याही नाही."

थांबलात तर. कोंडीरामला त्या पोराची कीव आली. नवखा आहे. पहिल्याच बोलीला तीन म्हणतोय.

"जातो की," तो म्हणाला. "येवढा कांदा उरकू द्या."


दोन वार. (अजून.)

ज्येष्ठमध. घेतला.

हळद घालून दूध. प्यायलं.

मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. तडतडल्या, म्हणजे नजर होती. निघाली.

चक्रेश्वराला नारळ. फोडला. आतून नासका निघाला, पण तो वाण्याचा दोष.

"दुखतंय का पर?"

"न्हाई."

"मंग कशाला घाबरतोस?"

हे शेवटचं प्रत्येकाच्या तोंडी. आपल्याकडं आजाराला नावच दुखणं. जे दुखत नाही, ते दुखणं कसं असेल? दुखणं नाही तर दवाखाना कशाला? भाषेनंच निकाल दिल्यावर डॉक्टरला कोण विचारतो!

आणि मग बन्सी आला. बन्सी भागूबाईचा धाकटा भाऊ. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना निघाला होता, तिथं तो बाटल्या धुण्याच्या खात्यात लागला होता. खाकी चड्डी, पायांत बूट, आणि बोलण्यात शिफ्ट, ओव्हरटाइम.

"दाजी, आरसा कसला घालताय घशात? तुमी काय न्हावी व्हय? आमच्या कारखान्यात पेनिसिलीन बनतंय. गोऱ्या सोजिरांच्या गोळ्या लागलेल्या जखमा भरल्या त्यानं. तुमचा घसा म्हंजी काय!"

"मला जखम न्हाई झाली, बन्सी."

"मंग तर लईच लवकर बरं व्हनार!"

पिंपरीत एक कंपाउंडर ओळखीनं सुया टोचायचा. ज्याच्या अंगाला खाज त्याला तीच सुई, ज्याला मूल होत नाही त्यालाही तीच. त्यानं घशात डोकावलंसुद्धा नाही. कोंडीराम पालथा झाला, सुया घेतल्या. भागूबाईनं बजावलं होतं की सुया चालू आहेत तोवर एक शब्द बोलायचा नाही. तो बोलला नाही. बाजारालाही गेला नाही.

आणि आवाज उठला!

पुरता नाही. पण "भागू, च्या टाक" एवढं शेजारच्या घरात ऐकू गेलं. ते ऐकून भागूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. बन्सीनं मांडीवर थाप मारली. "बगा! सांगत न्हवतो?"

आठवडाभर गप्प राहिलेला घसा थोडा मोकळा होणारच. पण श्रेय सुईनं घेतलं. तिच्यानं ज्या आजाराचं काही बिघडत नाही, त्याला तिनं आणखी दोन महिने मिळवून दिले.

बाजारात जाताना कोंडीराम दवाखान्यावरून गेला. डॉक्टर दारातच उभा होता. "गेला होतात का पुण्याला?"

"उटला की आवाज!" कोंडीराम लांबूनच म्हणाला.

"तरी जाऊन या. एकदा बघून घ्या."

"व्हय व्हय." पुढं गेल्यावर तो बरोबरच्या हमालाला म्हणाला, "गिऱ्हाईक सोडायला तयार न्हाई गडी."


दोन वार. (अजून. थांबलं की मिळतंच.)

होळीला आवाज पुन्हा बसला. या वेळी भाकरीचा घास अडकू लागला. ती कुस्करून कालवणात भिजवायची, की उतरायची. कान ठणकायचा. कानात तेल घातलं. उन्हाळा लागला तरी गळ्यातला मफलर निघेना.

दौलतरावांनी एका सकाळी खोक्यावर दुसराच गडी उभा केला. पोरगेलासा, आवाजाचा खणखणीत. एक-दोन-तीन सगळं एका दमात. ढीग फटाफट गेले, भाव पडले, पण व्यापारी खूष.

"तू बस वाईच, कोंडीराम. आराम कर," दौलतराव म्हणाले. "आवाज उठला की खोकं तुजंच हाय."

कोंडीराम गादीच्या कडेला बसला. त्या पोराला दोन आणि तीनच्या मधली जागा माहीतच नव्हती.

त्या दुपारी भागूबाईनं मफलर ओढला. तो आंघोळीला बसला होता, हात ओले होते, अडवता आलं नाही. जबड्याखाली मानेच्या बाजूला लिंबाएवढी गाठ.

"ही कवापास्नं?"

त्यानं हात हलवला. हाय थोडे दिवस.

"दुखती?"

त्यानं मान हलवली. नाही.

गेले चार महिने सगळ्यांना धीर देणारा तो नकार. भागूबाईला या वेळी त्यानं धीर आला नाही. ती शाळेत गेली नव्हती, पण नाडी तिची धरलेली असताना डॉक्टर जे बोलला ते तिनंही ऐकलं होतं. अंगात ताप होता, तरी विसरली नव्हती. ती रोज म्हणायची, जाऊन या. तो रोज म्हणायचा, येवढा कांदा.

"दुनियेचा ढीग तीन म्हनून मोकळा करता," ती म्हणाली, "आन् सोताचं दोनावर धरून बसलाय व्हय? कोन चढवनार हाय भाव? सांगा की! कोन येनार हाय वरची बोली घिऊन?"

कोंडीरामनं तोंड उघडलं. फाटका भाता.

तिनं तांब्या उचलला आणि त्याच्या पाठीवर पाणी घालू लागली.


—

पुण्याला त्याला भिमाजीनं आणि भागूबाईनं नेलं. एस.टी.त वरचेवर दम कोंडत होता; भिमाजीनं त्याला खिडकीशी बसवलं. इस्पितळात पोहोचेपर्यंत श्वासाची शिटी वाजत होती. डॉक्टरांनी त्याच रात्री गळ्याला भोक पाडून नळी घातली. श्वास मोकळा झाला. आवाजाचा प्रश्नही मिटला. वारा आता तोंडापर्यंत जायचाच नाही.

तो आरसा दुसऱ्या दिवशी आला. दांडी लांब, काच पैशाएवढी. डॉक्टरनं जीभ फडक्यात धरून काच आत नेली, कोंडीरामनं चार वेळा पापण्या मिटल्या असतील, आणि बघणं संपलं. दुखलं नाही. कोंडीराम त्या आरशाकडे बघतच राहिला. एवढंच?

मोठ्या डॉक्टरांनी भिमाजीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, दिवाळीनंतर लगेच आणलं असतं तर. मग म्हणाले, आता मुंबईला नेऊनही उपयोग नाही, गाठी खाली छातीपर्यंत गेल्यात. मग आणखी एक गोष्ट म्हणाले. भिमाजीनं ती ऐकली आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

तो आत आला तेव्हा भागूबाई खाटेच्या पायथ्याशी बसून मोसंबं सोलत होती. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"झ्याक!" भिमाजी मोठ्यानं म्हणाला. "डाक्टर म्हनं, गडी काटक हाय. थोडी दवा, थोडा आराम. पुढच्या हंगामाला खोक्यावर उभा ऱ्हानार. दौलतरावाला म्हनावं, पोराला काढ."

"आसं म्हनाले?" भागूबाईनं विचारलं.

"तर! मी काय खोटं बोलतोय, वैनी?"

कोंडीराम दोस्ताच्या तोंडाकडे बघत होता. बैल गायीवानी गरीब हाय. लाथ कशी ती ठावं न्हाई. त्यानं हात लांब केला आणि भिमाजीच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं. ते आपल्या आणि भिमाजीच्या मध्ये पसरलं. मग आपला पंजा खाली सरकवला आणि उघडा धरून वाट बघत राहिला.

भिमाजीचा हात येईना.

कोंडीरामनं उपरण्याखालीच खाटेवर बोट वाजवलं. एकदा. पुन्हा एकदा.

"काय सौदा चाललाय?" भागूबाई म्हणाली.

"काय न्हाई, वैनी. कांद्याचा भाव सांगतोय त्याला." भिमाजीनं हात खाली घातला.

बोटं आली. पहिलं, दुसरं. आणि जे कोंडीरामनं जन्मभर लांबवलं होतं, ते तिसरं. करंगळी मिटलेली, अंगठा मिटलेला.

कोंडीरामनं ओठांनी विचारलं, वर्षं?

भिमाजीची बोटं हलली नाहीत.

म्हयनं?

बोटांनी त्याचा तळवा एकदा दाबला.

मग कोंडीरामनं जे बाजारात सगळेच करतात ते केलं. भिमाजीची मिटलेली करंगळी शोधली आणि हळूच उघडून सरळ केली. ती क्षणभर सरळ राहिली. मग आपणहून मिटली.

तो थांबला. त्याला थांबता येत होतं, त्याच्याइतकं चाकणात कुणालाच येत नव्हतं. दुसरा हात पागोटं सारखं करायला डोक्याकडे गेला. डोकं बोडकं होतं, हात तसाच खाली आला. भागूबाईच्या हातातल्या मोसंब्याची साल लांब होत खाली लोंबली. गळ्यातली नळी वाजत होती, आत, बाहेर. तो थांबून राहिला.

बोली वर गेली नाही.

तेव्हा त्यानं ती तीन बोटं मुठीत धरली आणि सौदा पटल्यावर देतात तसा एक हिसका दिला. उपरणं काढलं, झटकलं, काठाला काठ जुळवून नीट घडी घातली आणि भिमाजीच्या खांद्यावर ठेवली.

भागूबाईनं मोसंब्याची फोड पुढं केली. तिच्या बिया तिनं आधीच काढल्या होत्या.