पाच व्होल्टचा डबा

अभिमन आबा गेले आणि गावाने परस्पर कारण ठरवून टाकले, हार्ट अटॅक. दारावर बसायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणे, वर "वेळ भरली होती" अशी पुस्तीही जोडी. वच्छलाबाई भिंतीला टेकून नवऱ्याच्या मरणाची ही हकीकत ऐकत. त्यांना रडू येत नव्हते. चहा पुढे आला की त्या पीत, कोणी नीज म्हटले की आडव्या होत.

खरे कारण त्यांना आणि भूषणला, त्यांच्या मुलाला, ठाऊक होते. चोपड्याजवळच्या या केळीच्या गावात भूषणने शेतातल्या मोटरींसाठी एक डबा बनवला होता. लाईटचा दाब म्हणजे व्होल्टेज किती, मोटर किती वीज खाते, सगळे त्यावर दिसे. बऱ्याच शेतांत तो लागला, गावभर कौतुक! डब्याच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत, पण त्याचे कोणाला काही वाटत नसे. आपल्याकडे झटक्यावर एकच औषध, पायात चप्पल घाला! वच्छलाबाईंनीही नवऱ्याला तेच सांगितले होते. त्या दिवशी आबा ठिबकच्या ओल्या मातीत अनवाणी उभे होते.

आज भूषणच्या जळगावच्या कॉलेजातल्या इलेक्ट्रिकलच्या वृषाली मॅडम भेटायला आल्या होत्या. बोलणे जरा थांबले, तसे शेजारच्या शेतातले गिरधर नाना हळूच म्हणाले, "भूषण, मन्ही मोटर दोनदा जळनी. तुना तो डबा लाई दे ना भो."

भूषणने मान खाली घातली. "लावसू नाना. दहावं व्हई जाऊ द्या."

वच्छलाबाईंना ना राग आला, ना भीती वाटली. बोलले तर पोराचे नाव जाईल, एवढे कळत होते. नाना जन्मभर शेतात अनवाणीच राबले, हेही कळत होते.

"नाना, डबा लावू नका," त्या सपाट आवाजात म्हणाल्या. "यास्नं काळीज धडधाकट व्हतं. त्या डबाले हात लाया आनि तठेच पडनात."

बसलेल्या सगळ्यांच्या माना वळल्या!

"माय!" भूषण ओरडला. मग मॅडमकडे वळला. "बोर्डात पाचच व्होल्ट आहेत मॅडम. मी स्वतः मोजलेत. पाच व्होल्टने माणूस मरतो का?"

"कुठून कुठपर्यंत मोजलेस?"

"बोर्डाच्या दोन टोकांत."

"त्या दोन टोकांत पाच. आणि टोकापासून जमिनीपर्यंत?"

ते भूषणने मोजलेच नव्हते.

"म्हणजे मेन लाईन तू रेझिस्टर लावून सरळ बोर्डात घेतलीस," मॅडम म्हणाल्या. "त्याच बोर्डाला पत्रा जोडलास, म्हणून पत्र्यात मेन लाईनचा दाब उतरला. अरे, दाब मोजायचा तर मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर हवा. करंट मोजायचा तर वायरीभोवती कॉइलचं कडं घालायचं. मग वीज पलीकडेच राहते आणि अलीकडे फक्त तिचं माप येतं."

"डबा लहान व्हावा म्हणून मी..." भूषण म्हणाला.

"चूक तुनी एकलानी नही," वच्छलाबाई म्हणाल्या. "मुंग्या बठ्ठास्ले, सारा गावले येत व्हत्यात. कोनीच लाईट बंद कयी नही."

भूषणने फोन उचलला आणि डबा बसवलेल्या एका शेतकऱ्याला लावला. "उखर्डू भाऊ, मेन स्विच पाडी द्या. डबाले हात लावू नका, मी काढाले येस. नही, बिघडना नही. आबा त्या डबानीच गयात."

हे तो पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाला होता. पुढचा नंबर लावता लावता तो हमसून रडला. वच्छलाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. त्यांना अजूनही रडू येत नव्हते.

मंडळी, यंत्राचा लहानसा झटकाही हसण्यावारी नेऊ नका. तो लागला की आधी लाईन बंद करा, मग जाणकाराला बोलवा. आणि माणूस विजेने गेला, तर विजेनेच गेला असे म्हणा. खोट्या कारणाने घराची अब्रू वाचत असेल, पुढचा माणूस वाचत नाही!