दहा थेंब, दोन वेळा

तिनं पिशवीतून बाटली काढली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर अशी आपटली की पेनांचा डबा हलला.

“आधी ही तपासा,” ती म्हणाली. “माझ्या पोरीच्या रक्तात शिसं कुठून आलं, ते यात सापडेल.”

बाटली बोटभर उंचीची, तपकिरी काचेची. लेबलावर हिरवं पान, पानाखाली गुटगुटीत बाळ आणि बाळाखाली लिहिलेलं: ‘शरीरातले जड धातू धुऊन काढणारे खनिज थेंब.’ सकाळी दहा, संध्याकाळी दहा. चार महिन्यांत तिनं एक वेळ चुकवली नव्हती.

“कुणी दिली?”

“माझ्या नणंदेनं. विकते ती.”

“शाळेनं रक्त तपासायला सांगितलं त्याला चार महिने झाले. आत्ता तपासून घेतलंत?”

नणंद म्हणाली होती, पोरीला सुया कशाला टोचतेस, थेंब सुरू कर, असेल नसेल ते सगळं निघून जाईल. आणि हिनं नंदीबैलासारखी मान हलवली होती. हे आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मागे भिंगरी फिरत्या स्टुलावर गरागरा फिरत होती. हे नाव सगळ्या इमारतीनं मिळून ठेवलेलं. गेल्या वर्षीपर्यंत ही पोर मांडीवर डोकं टेकून तासभर गोष्ट ऐकायची. यंदा तिनं वर्गात एकीला रक्त येईपर्यंत चावलं, आणि येत असलेली अक्षरं विसरली. वर्गाच्या बाईंनी काल स्वच्छ सांगितलं होतं, सुट्टीनंतर तिची दुसरीकडे सोय बघा. घरात, जिन्यात, नळावर, ज्याला त्याला एकच म्हणायचं होतं: आईनं लाडावून ठेवलीय. घरी असती तर काहीतरी हातात देऊन गप्प बसवता आली असती. इथं नुसते डोळे वटारून भागवावं लागलं.

डॉक्टरीणबाई एकेक विचारत गेल्या. भिंतींचा रंग सुटतोय का, घरात जुन्या बॅटऱ्या आहेत का, भांड्यांना कल्हई आहे का, नवरा काय करतो.

“टपालात शिक्के मारतात.”

“आणि तुम्ही?”

“पडदे शिवते. घरीच.”

त्यांनी ‘पडदे’ असं लिहिलं आणि नळाच्या पाण्याबद्दल विचारायला लागल्या.

“औषध काय देणार?” तिनं विचारलं.

“शिसं येतंय कुठून, ते आधी बंद झालं पाहिजे. येतच राहिलं, तर वरून काहीही पाजून उपयोग नाही. आणि अशा वयात जितका उशीर, तितकं नुकसान. सगळं भरून निघेलच असं मी सांगू शकत नाही.”

आठवडाभर तिनं घर डोक्यावर घेतलं. कल्हईची भांडी माळ्यावर गेली. खिडकीचा सुटलेला रंग तिनं ओल्या फडक्यानं पुसून काढला. नवऱ्याच्या बोटांना शाई दिसली म्हणून त्याला दारातच अडवला, आणि तो बिचारा मोरीत उभा राहून साबण लावत राहिला.

“अगं, शाई आहे ती,” तो म्हणाला. “पंधरा वर्षं लागतेय.”

“म्हणूनच,” ती म्हणाली, आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण मनातून तिला पक्कं ठाऊक होतं की शाई नाही, भांडी नाहीत, ती बाटलीच. बाटलीच असायला हवी होती. एकदा का डॉक्टरीणबाईंचा फोन आला की नणंदेला अशी फैलावर घ्यायची की पुन्हा कुणाच्या पोराला थेंब विकायला तोंड राहू नये, हे तिनं मशीन चालवता चालवता शब्दन् शब्द जुळवून ठेवलं होतं.

आठव्या दिवशी दुपारी नणंद स्वतःच आली. तिच्या हातात नवी बाटली होती.

“अगं, याचा जोर जास्त आहे,” ती टेकत म्हणाली. “आधीचं जरा सौम्य पडलं असेल.”

एका सभागृहाचे जाड पडदे खोलीभर पसरले होते. प्रत्येक पडद्याच्या खालच्या दुमडीत, दोन्ही कोपऱ्यांत, एकेक चपटं गोल वजन शिवायचं, म्हणजे पडदा सरळ पडतो, वाऱ्यानं फडफडत नाही. दुकानदार कापडाबरोबर वजनांची पिशवी पाठवायचा. ती मशीनच्या खिळ्याला टांगलेली असे. भिंगरी मशीनखाली पाय पसरून बसली होती.

ती नणंदेवर तोंड सोडणार, इतक्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. तिनं मुद्दाम आवाज मोठा केला. नणंदेला ऐकू दे.

“बाटलीत शिसं नाही,” फोन म्हणाला. “मीठ आणि पाणी. बाकी काही नाही.”

मग नणंदेनं पदर सावरला.

“बघ. उगाच माझ्यावर आळ घेत होतीस.”

तिनं फोन तसाच चालू मशीनवर ठेवला. जुळवून ठेवलेला एकही शब्द आता कामाचा उरला नव्हता, पण राग होताच, तो कुठं जाणार?

“मीठपाणी,” ती म्हणाली. “ताई, चार महिने तुम्ही माझ्या पोरीला मीठपाणी पाजलंत. सुई टोचू नको म्हणालात. तेव्हाच तपासलं असतं तर चार महिने वाचले असते तिचे. कोण परत देणार ते? हे पानावरचं बाळ?”

“मला काय माहीत गं आत काय असतं? मला देतात, मी विकते.”

“माहीत नव्हतं, तर पोरांच्या तोंडात कशाला घालता?”

आवाज चढला तशी भिंगरी बिथरली. मशीनच्या पायट्यावर लाथा मारायला लागली, पडदा ओढायला लागली.

“गप्प बस बघू,” ती खाली न बघताच म्हणाली. तिचा हात सवयीनं खिळ्याकडे गेला, पिशवीत शिरला आणि खाली गेला. भिंगरीनं हातातलं घेतलं. लाथा थांबल्या. पोर गालाचा फुगा करून बसून राहिली.

नणंदेला विषय बदलायला तेवढंच मिळालं.

“काय देतेस तिला? गोळी का?”

“गोळी कसली हो, पडद्याचं वजन आहे. शांत बसली की एक देते, बक्षीस म्हणून. चघळत...”

ती थांबली. तिनं आपली बोटं बघितली. अंगठ्यावर आणि तर्जनीवर करडा डाग होता. रोज असायचा. रोज ती तो धुवायची. वजन कशाचं असतं, हे तिला वर्षभरात कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

ती मशीनखाली वाकली.

“थुंक.”

भिंगरीनं ओठ घट्ट मिटले. तिनं बोट घालून वजन काढलं.

“खिशातली पण दे.”

फ्रॉकच्या खिशातून एकेक करत वजनं बाहेर आली आणि तिच्या ओंजळीत पडली. करडी, मऊ, कडेला चावलेली. प्रत्येकावर दुधाच्या दातांच्या बारीक खुणा होत्या, आणि पुढचा दात पडलाय तिथं मधे मोकळी जागा.

“पण मी शांत बसले होते ना?” भिंगरीनं विचारलं.

मशीनवरच्या फोनमधून आवाज येत होता.

“हॅलो? ऐकताय ना? बाटलीत नाही, म्हणजे घरातच कुठंतरी आहे. अजून काय काय आहे, जरा आठवून सांगा.”

नणंद तिच्या ओंजळीकडे बघत होती. तिच्या मांडीवरची नवी बाटली अजून उघडलेली नव्हती. आईनं वजनं एका मुठीत घेतली, दुसऱ्या हातानं भिंगरीला जवळ ओढलं आणि ती फोनवर वाकली.

“सापडलं,” ती म्हणाली. “मीच देत होते.”