कापलेला आलेख

मंजूच्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही. वळणदार अक्षरात तिनं एवढंच विचारलं होतं : "बाबा रेघेच्या आत गेले होते का? मालक म्हणतात, पिऊन आत गेले. तांड्यात आईला रोज तेच ऐकावं लागतं. रेघ तुम्हीच आखली होती."

आखली होती. स्फोटांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन मी मेडशीला परतलो होतो. शेलूबाजारकडच्या एका खदानीनं, सुरुंगापासून माणसं किती लांब उभी करायची ते मोजायला मला बोलावलं. मंजूचा बाप, भाऊसिंग, माझ्या दाबमापकांच्या तारा ओढायचा.

"साहेब, हे डबी धमाका खाते का?"

"मोजते."

"मंग माह्या बायकोसमोर ठेवून पाहा एक खेप!"

सुरुंगाजवळच्या मापकाच्या आलेखावर दाबाचं शिखर नीट उमटलं; पुढची रेषा मात्र खाली येईना. जवळचे मापक ज्वाळेनं तापतात, रेषा खोटी रेंगाळते. नोकरीभर आम्ही ते शेपूट कापत आलो. मी तेव्हाही कापलं. दाब किती वेळ टिकला ते त्यात गेलं. माणूस फेकला जातो तो त्यानंच. आवेग, म्हणजे एकूण धक्का, निम्मा निघाला, आणि त्यावरून चुन्याची रेघ पडली, हवी त्यापेक्षा जवळ.

दोन महिन्यांनी एका सुरुंगात भाऊसिंग कातळावर फेकला गेला आणि मेला. मातीला त्याचा जोडीदार खेमा हळूच म्हणाला, "रेघीच्या भायेरच होता जी. पन मले कोन इचारते?"

मी कागद काढले. लांबच्या मापकालाही तेच शेपूट होतं. तिथवर ज्वाळा पोचत नाही. म्हणजे शेपूट खरं होतं; खदानीच्या उभ्या भिंतींवरून दाब परतत होता.

खदान बंद पडली. भाऊसिंगवरचा बोल तसाच राहिला.

"आज पुन्हा?" घरकामाला येणारी प्रयागबाई म्हणाली. "तीन साल झाले, कागद काढता न् ठेवता."

"नीट लिहिता येत नाही."

"एवढी पुस्तकं वाचली, न् 'माही चुकी झाली' लिवता येत नाही तुमाले?"

"मालक कोर्टात ओढेल."

"ओढू द्या. भाऊसिंगच्या बाईले तर रोजच ओढून राह्यले."

मी लिहिलं : "मंजू, तुझे बाबा रेघेच्या बाहेर होते. रेघ चुकली होती. हे कुणालाही दाखव." दोन्ही आलेख न कापता जोडले.

पोस्टातल्या मुलीनं पाकीट उलटून पाहिलं आणि परत सरकवलं.

"काका, पाठवणाऱ्याचं नाव राह्यलं."

खिडकीपाशी उभा राहून मी नाव लिहिलं. मग गावही. तिनं पाकीट वजनाला ठेवलं आणि शिक्का मारला.