सुतकातली ड्युटी

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कौतिकनाना गेले त्याच्या चौथ्या दिवशी त्यांचा धाकटा लीलाधर सरकारी दवाखान्यात कामावर हजर झाला, आणि अख्ख्या गावानं त्याला डोक्यावर घेतलं. बाप जाऊन आठवडा नाही झाला आणि हा कंपाउंडर औषधं वाटतोय! डॉक्टरांनी तर सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

पाचव्या दिवशी त्याच दवाखान्यात त्याची वहिनी सुमन कामावर गेली. ती तिथली नर्स. अडलेली बाई बैलगाडीतून आली होती, एरंडोलला न्यायला वेळ नव्हता, डॉक्टर बाहेरगावी गेलेले, आणि बाळंतपण करणारं दुसरं कोणी नव्हतं. आई-बाळ दोघं वाचली. सुमन घरी आली, डोक्यावरून पाणी घेतलं, आणि पाहते तर काय, ओट्यावरच्या बायकांची तोंडं फिरलेली. काळीज आहे का धोंडा? सुतकात बाळंतपण! आता बोला. दीर कामावर गेला तर कर्तव्य, वहिनी गेली तर धोंडा.

लोकांचं बोलणं ती मनाला लावून घेत नसे. पण सासू सुगंधाबाई त्या दिवसापासून तिच्याशी बोलेनाशी झाली, ते मात्र फार लागलं. नाना तिला बापाच्या जागी होते. लग्नानंतर नर्सिंगला जळगावला त्यांनीच धाडलं, भाऊबंदांशी भांडून. त्यांच्यासाठी तिला धड रडताही आलं नव्हतं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. बाभळीवर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ! थोरल्या बन्सीलालनं, म्हणजे सुमनच्या नवऱ्यानं, हात जोडून सांगितलं, "नाना, मायले अंतर देणार नाही." लीलाधरनं सांगितलं, विहिरीचं काम पुरं करीन. कावळे हलेनात. ऊन चढलं. हळूहळू सगळ्यांच्या नजरा सुमनकडे वळल्या.

चुलत सासरे वनाआबा पुढे आले. "नानाना जीव सूनमा अडकेल शे. सूनबाई, नोकरी सोडस म्हणीसन वचन दे. मंग देख, कावळा लगेच येई."

पिंडासमोर दिलेला शब्द मोडता येत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर वनाआबा तो मागत होते. बन्सीलाल खाली वाळूकडे पाहत राहिला. नवरा म्हणवतो मेला!

सुमनला वाटलं, आपल्यापायी नानांनी उपाशी जायचं? जाऊ दे ती नोकरी. ती पुढे झाली, हात जोडले. "नाना, मी..."

"थांब." सुगंधाबाईचा आवाज होता. इतक्या दिवसांतला सुनेशी पहिला शब्द. "मरेल माणूसले खोटं सांगू नको. तुले नोकरीले तेसनीच धाडेल शे." मग ती गुरुजींकडे वळली. "दर्भना कावळा करा."

वनाआबा काही बोलायला गेले, पण तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुरुजींनी गवताचा कावळा वळला आणि पिंडाला शिववला. बाभळीवरचे खरे कावळे उडून गेले.

सुमन वाळूत बसून हमसून हमसून रडली, नानांसाठी. थोड्या वेळानं तिनं मान वर केली. सुगंधाबाई पिंडाकडे पाठ करून उभी होती. ज्याच्या आधी तिनं जन्मात कधी घास घेतला नाही, त्या नवऱ्याला आज तिनं आपल्या तोंडानं उपाशी वाटेला लावलं होतं. सुमननं उठून तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.