नदीच्या अल्याड

मी तिकाटणं बोलतंय. तीन सरळ काठ्या आणि वर रबरी ट्यूबची घट्ट गाठ, एवढाच माझा जीव. सरहद्दीवरच्या क्वांडो नदीकाठच्या लुबिंदाने मला स्वतःच्या हाताने तासलं. तो परदेशी शिकाऱ्यांचा वाटाड्या. जनावर टप्प्यात आलं की तो मला उघडून रोवतो, पाहुणा माझ्यावर बंदूक टेकवतो. मी उभं राहिल्याशिवाय चाप ओढायचा नाही, ही इथली रीत.

त्या वर्षी डेन्मार्कचा टोर्बेन आला. बंदुकीचा परवाना वेगळा, शिकारीचा वेगळा. बिचारा वर्षभर कागद जमवत होता. परवानगी एकाच म्हाताऱ्या रानरेड्याची, तीही नदीच्या अलीकडे, शनिवारी सूर्य बुडेपर्यंत. शिंगं पाहुण्याची, मांस गावाचं. त्या मांसाच्या भरवशावर लुबिंदाने लेकीच्या रविवारच्या लग्नाचं आवतण साऱ्या गावाला देऊन टाकलं! नासिलेले नावाची त्याची सासू तेव्हाच म्हणाली होती, "जावईबापू, रेडा अजून चरतोय हो, आणि तुम्ही वाटे घालताय."

शनिवारी दुपार कलली तेव्हा रेडा दिसला. पण आम्ही काठावर पोचेपर्यंत तो पाण्यात उतरला होता. पलीकडे बोट्स्वाना, दुसरा देश, दुसरे कायदे. तो पल्याड चढला, अंग झटकलं आणि वळून आमच्याकडे बघत उभा राहिला. काय ते धूड, काय ती शिंगं! माझ्या काठ्या आतून शहारल्या.

तो अजून टप्प्यात होता; लुबिंदाने मला उघडलंही होतं. मध्ये ना कुंपण, ना शिपाई. टोर्बेनने लुबिंदाकडे पाहिलं. लुबिंदाचा तळवा घामाने भिजला होता, मला तो कळत होता. लेकीच्या लग्नात गावाला काय वाढणार होता तो? तरी त्याने मला मिटलं.

"तिकडे गेला. आता आपला नाही," तो म्हणाला.

टोर्बेनने बंदुकीतल्या गोळ्या काढल्या आणि डोक्यावरची टोपीही काढली. सूर्य बुडाला.

रविवारी पहाटे लुबिंदा सासूबाईंबरोबर मासे धरायला निघाला. सवयीने मलाही घेतलं. आणि पाहतो तर काय, तोच रेडा अल्याड, अगदी हाकेच्या अंतरावर पाणी पितोय! लुबिंदाने नकळत मला उघडून रोवलं. पण माझ्यावर टेकवणार काय? परवाना कालच संपला होता, बंदूक पेटीत कुलूपबंद होती. रेड्याने मान वर केली. त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "काल तुमचा होता, आज त्याचा तो आहे. डोळे भरून बघून घ्या, जावईबापू."

लग्नात माशांचं कालवण झालं. गाव अजून लुबिंदाला त्यावरून चिडवतं, आणि तोही हसतो.

आता माझं रबर सैल झालंय. सासूबाईंच्या अंगणात माझ्यावर मासे वाळतात. पाहुण्यांनो, या, पण कागद नीट वाचून या. आजवर माझ्यावर कितीतरी बंदुका टेकल्या. त्यांतली एकही मला आठवत नाही. काहीच टेकलं नव्हतं, ती पहाट मात्र आठवते.