हॅलोआजींची उठबस

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि सध्या मी रागावलेली आहे. खुर्चीला राग येतो हे तुम्हांला पटणार नाही. आमच्यावर बसणाऱ्याची आमच्याकडे नेहमी पाठ असते, त्यामुळे हा गैरसमज फार पसरलेला आहे.

माझा जन्म एका टेलिफोन एक्स्चेंजसाठी झाला. त्या काळी फोन लावायचा म्हणजे आधी एक्स्चेंजमधल्या बाईंना नंबर सांगावा लागे. त्यांच्यासमोर उंच बोर्ड असे आणि त्यावर बारीक भोकांच्या ओळीच ओळी. बाई हातातल्या वायरीचे टोक नेमक्या भोकात खुपसत, आणि दोन घरे एकमेकांशी बोलू लागत. वरच्या ओळींपर्यंत हात पोचवायचा तर खुर्चीतून अर्धे उठावे लागे. म्हणूनच सुताराने मला मऊ केले नाही. बसणाऱ्या बाईचे तळवे जमिनीवर पूर्ण टेकावेत आणि गुडघे काटकोनात राहावेत, इतकीच माझी उंची ठेवली. दोन्ही बाजूंना हात दिले, तेही पुढपर्यंत, उठताना दाबता येतील असे. पाय जरा फाकवून बसवले. माझ्यावर बसणे सोपे होते आणि माझ्यावरून उठणे त्याहून सोपे. माझ्या मते खुर्चीची खरी परीक्षा उठतानाच होते.

माझ्यावर ज्या बाई बसत त्यांना सगळे हॅलोबाई म्हणत, कारण घरचे दार वाजले तरी त्यांच्या तोंडून आधी "हॅलो, नंबर?" असेच निघे. कामात त्या फार चपळ. सारख्या उठत, सारख्या बसत. साहेब चिडवत, "हॅलोबाई, जरा स्वस्थ बसा की!"

"स्वस्थ बसायला पगार कोण देतं, साहेब?" बाई म्हणत, आणि पुन्हा उठत.

पुढे आपोआप फोन जोडणारी यंत्रे आली. बोर्ड निघाला, खुर्च्या मोडीत जाणार असे ठरले. बाईंनी साहेबांना विचारून मला हातगाडीवर घालून घरी आणले. त्या घरात मी किती कामे केली! माझ्यावर बसून बाईंनी शिवणकाम केले, त्यांच्या मुलाने माझ्यावर उभे राहून पाढे म्हटले, दिवा बदलायला सगळे माझ्यावरच चढले. मुलगा मोठा झाला, घरात सून आली, हॅलोबाईंच्या हॅलोआजी झाल्या. तरी सकाळचा पेपर त्या माझ्यावरच बसून वाचत आणि दारावरची बेल वाजली की सगळ्यांच्या आधी उठत.

आता रागाचे कारण सांगते.

एके दिवशी आजी माझ्यावरून उठल्या, दोन पावले गेल्या आणि पडल्या. खोलीत एक चटई होती, तिचा कोपरा कधीचा वर वळलेला होता. त्या कोपऱ्यात आजींचा पाय अडकला. खुब्याजवळचे हाड मोडले. नंतर जो येईल त्याला घरचे काय सांगत? "खुर्चीवरून पडली." मला गॅलरीत नेऊन टाकले, माझ्यावर कुंड्या ठेवल्या, कुंड्यांचे पाणी माझ्या अंगात मुरू लागले. चटई मात्र जागच्या जागी, कोपरा वर करून, ऐटीत!

असो. माझे जाऊ द्या. खरा राग पुढचाच आहे.

आजींचे ऑपरेशन झाले. घरी सोडायच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला. पाय आणि तोल पुन्हा कामाला लावणाऱ्या फिजिओथेरपिस्ट, घरात पुढे ज्यांना व्यायामाच्या ताई म्हणू लागले, त्या बोलत होत्या. मुलाने फोन स्पीकरवर ठेवला होता आणि गॅलरीचे दार उघडे होते, म्हणून मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"हाड छान बसलंय. पायावर भार द्यायला सर्जननी परवानगी दिलीय. आता घरी गेल्यावर आजींची उठबस वाढवा. जितकी जास्त, तितकी बरी. मी येऊन बघेनच."

"वाढवतो की, मॅडम!" मुलगा म्हणाला. "काही म्हणजे काही कमी पडू देणार नाही."

मित्रांनो, तुमच्या लक्षात आले का? घरी पाहुणे आले की आपण त्यांची उठबस करतो, म्हणजे त्यांना हवे-नको ते बघतो, त्यांना जागचे हलू देत नाही. मुलाच्या डोक्यात ती उठबस बसली. ताई म्हणत होत्या ती साधी, शब्दशः उठबस. आजींनी उठायचे, आजींनी बसायचे.

आणि मग त्या घरात आजींची जी उठबस सुरू झाली! दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या. गुबगुबीत रिक्लायनर आणला. बटण दाबले की पाय वर, पाठ मागे, माणूस खोल आत. पाणी हातात, चष्मा हातात, औषध तोंडात. बेल वाजली आणि आजींनी नुसती मान वर केली तरी सगळ्यांचे ठरलेले: "तू बस, आई. तुम्ही बसा, आई. बसा हो आजी, मी आहे ना!"

मुलगा आईवर जीव टाकत होता, हे मला दिसत होते. पण मांडीचे स्नायू कुणाच्या मायेवर टिकत नाहीत. शरीराचा हिशेब रोखठोक असतो. जो स्नायू वापरला जात नाही तो शरीर कमी करत जाते, आणि म्हाताऱ्या शरीरात हे फार भराभर होते. तोलाचेही तसेच. घोट्यातून, तळव्यांतून मेंदूला सतत खबर जायला हवी, मी इकडे कललो, मी तिकडे कललो. पाय हवेत तरंगत असतील तर खबर कोण देणार? आजींचे जोडलेले हाड बरे होत होते आणि बाकीच्या आजी रोज थोड्या थोड्या मोडत होत्या. गॅलरीतून ते बघताना माझा संताप संताप होत होता.

बाथरूमला जायचे म्हणजे मुलगा आणि मावशी त्यांना काखांत हात घालून उचलत. आजींचे खांदे दुखत, पण त्या दुखण्याबद्दल बोलत नसत. त्यांना दुसरेच काही सलत होते. मुलाने आपल्याला तिथवर न्यावे, याची त्यांना फार लाज वाटे. म्हणून त्यांनी पाणी कमी केले. चहा नको म्हणू लागल्या. मुलगा म्हणे, "आईची तहानभूकच गेली." मग एका दुपारी तो बायकोला दबक्या आवाजात म्हणाला, "मी काय म्हणतो, डायपरच आणूया. तिलाही त्रास नको, आपल्यालाही."

"त्यांना एकदा विचारा तरी," सून म्हणाली.

"तिला कशाला विचारायचं? नाहीच म्हणणार ती."

आजी जाग्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले. डोळे पुसायला रुमाल लांब होता आणि तो मागायची त्यांची इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या ताई आल्या. ठेंगणीशी, खणखणीत आवाजाची मुलगी. आल्या आल्या म्हणाल्या, "आजी, उठून दाखवा बघू."

आजींनी जोर लावला. रिक्लायनरने त्यांना आणखी आत घेतले. मुलगा डावीकडून धावला, मावशी उजवीकडून.

"थांबा!" ताई ओरडल्या. "दोघंही मागे व्हा. हे काय चाललंय? मी उठबस वाढवा म्हणाले होते ना?"

"वाढवली की!" मुलगा दुखावून म्हणाला. "पूर्ण वेळ मावशी आहेत. मी सुट्टी काढलीय. आईला जागचं हलावं लागत नाही."

ताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आले. "अहो, तुम्ही त्यांची उठबस नव्हती करायची! त्यांनी करायची होती. उठायचं, बसायचं. उठायचं, बसायचं!"

आणि कितीतरी दिवसांनी आजी हसल्या. "जन्मभर मी लोकांचे फोन जोडले," त्या म्हणाल्या, "चुकीच्या घरी एकही लावला नाही. आणि माझ्याच वेळी राँग नंबर लागला!"

हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "पोरी, मला बाकी काही नको. बाथरूमला माझी मी जाईन एवढं कर. ते डायपरचं पुडकं आणायच्या आत."

मुलाची मान खाली गेली.

ताईंनी इकडे तिकडे बघितले. "यातून कुणी धडधाकट माणूसही उठायचा नाही. घरात कडक खुर्ची नाही का एखादी? हातांची?"

आजींनी गॅलरीकडे बोट केले.

"ती?" मुलगा म्हणाला. "तिच्यावरूनच तर पडलीस तू!"

"चटईत पाय अडकला माझा! शुद्धीवर आल्यापासून सांगतेय. पण म्हातारीचं ऐकतंय कोण?"

ताईंनी एक शब्द न बोलता चटई गुंडाळली आणि सुनेच्या हातात दिली. ते बघून मला किती बरे वाटले म्हणून सांगू! मग माझ्यावरच्या कुंड्या उतरल्या. ताईंनी मला धरून चांगले गदागदा हलवले. माझा मागचा एक पाय पाण्याने सैल झाला होता. "आधी हा घट्ट करा," त्या म्हणाल्या, "मगच आजी बसतील." मुलाने स्क्रू बदलले, पायांना रबरी टोप्या घातल्या, मला भिंतीला टेकवून ठेवले. त्याने काम नीट केले, हे मी रागातही कबूल करते.

माझ्यावर चादरीची एक जाड, घट्ट घडी ठेवली, कारण बैठक जितकी उंच तितके उठणे सोपे.

"आता उठाबशा," ताई म्हणाल्या.

"उठाबशा? मी काय वर्गात दंगा केलाय?"

"केलाय असं समजा. बसा पुढे सरकून. पाय मागे घ्या. आता नाक पुढे, पायाच्या बोटांच्याही पुढे. आणि जमीन ढकला."

आजी अर्ध्या उठल्या आणि धप्पकन माझ्यावर आदळल्या. मुलगा पुढे झेपावला.

"हात मागे बांधा," ताई म्हणाल्या.

"अहो, पण पडेल ती!"

"मी आहे ना कमरेशी. पडू देणार नाही. पण त्यांचं काम तुम्ही करायचं नाही."

तो उभा राहिला. हात मागे बांधलेले, दात आवळलेले. आईला धडपडताना बघणे आणि हात न देणे, याला किती ताकद लागते ते मी त्या दिवशी पाहिले. पुढच्या खेपेला आजी थरथरत उभ्या राहिल्या. क्षणभरच. पण त्यांचे तळवे जमिनीवर पूर्ण टेकले होते.

त्यानंतर रोज व्यायाम चाले. माझी पाठ धरून टाचा उचलायच्या. कडेकडेने पावले टाकायची. वॉकर घेऊन दारापर्यंत जाऊन यायचे. आजींचे पाय ठणकत. त्या ताईंच्या नावाने बोटे मोडत, "छळवादी मेली!" आणि ताई येण्याच्या वेळेला केस विंचरून तयार असत. घडी पातळ होत गेली, मग गेलीच.

शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि हळहळल्या, "या वयात कशाला हे हाल? आता काय पळायला जायचंय?"

"पळायला नाही, बाथरूमला जायचंय," आजी म्हणाल्या. "माझ्याऐवजी तुम्ही जाल का?"

काकूंनी लगेच हवापाण्याचा विषय काढला.

आणि एका सकाळी, सगळे आपापल्या कामात असताना, आजी माझ्यावर पुढे सरकल्या. माझे हात दाबले. नाक पुढे आले. माझ्यावरचा भार हलका होत होत नाहीसा झाला. वॉकरचा टकटक आवाज दूर गेला. बाथरूमचे दार लागले. कडी न लावण्याचे ताईंनी बजावले होते, तेवढे त्यांनी पाळले.

मुलगा धावत दाराशी. "आई, मी इथेच उभा आहे हं!"

"मग तिथून जा!" आतून आवाज आला.

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मुलगा दोन पावले मागे सरला, हात मागे बांधून भिंतीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मात्र असा उजळला होता, की माझा त्याच्यावरचा राग तिथेच संपला.

बाकीचा राग संपलेला नाही, मित्रांनो. गॅलरीत असताना मी समोरच्या इमारतीतल्या गॅलऱ्या पाहिल्या आहेत. जवळजवळ प्रत्येकीत कुणीतरी म्हातारे माणूस मऊ खुर्चीत खोल बसवलेले. पडू नये म्हणून उठू न दिलेले. न उठल्यामुळे आणखी पडण्याजोगे झालेले. आणि घरचे अभिमानाने सांगतात, आम्ही त्यांना काडी उचलू देत नाही! याला काळजी म्हणतात? मला विचाराल तर हा अन्याय आहे. त्यावर शाल पांघरली, एवढेच.

म्हणून तुमच्याकडे मागणे आहे. मोठ्यांना सांगून उपयोग होतोच असे नाही, तुम्ही ऐकाल. वाटेतल्या चटया, वायरी, खेळणी उचला. माझ्यासारखी एखादी कडक खुर्ची अडगळीत असेल तर तिचे स्क्रू घट्ट करवून तिला भिंतीशी जागा द्या. कुणी पडून उठले असेल तर किती आणि कसे चालायचे ते जाणत्याला विचारा. आणि घरातले म्हातारे माणूस स्वतःहून उठू लागले तर त्याला ओढू नका. जवळ उभे राहा, तोल गेला तर धरा, तोवर थांबा.

तुम्हीही बराच वेळ बसून ऐकता आहात. उठा पाहू, हात न टेकता.

बघा, किती सहज उठलात! आपण उठलो, हे तुमच्या लक्षातही आले नाही. म्हाताऱ्या माणसांच्या मात्र येते. प्रत्येक वेळी.