खिडकीपुढचा झेंडा

मी एक झेंडा बोलतोय. कोणत्या देशाचा, ते सांगणार नाही. सांगितलं की अर्धे लोक छाती पुढे काढून ऐकतील, अर्धे नाक मुरडतील, आणि मला जे कबूल करायचंय ते राहूनच जाईल. झेंड्याने अभिमानाच्या गोष्टी सांगाव्यात अशी सगळ्यांची अपेक्षा असते. माझ्याजवळ आज तशी एकही नाही.

माझा जन्म तळमजल्यावरच्या एका लहानशा दुकानात झाला. मधोमध कापड बेतायचं टेबल, भिंतीला टांगलेल्या कात्र्या, आणि रस्त्याकडच्या एकुलत्या एक खिडकीखाली शिलाई मशीन. मशीनवर टेलरबाई बसत. सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखायची. वीस वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या देशातून आल्या आणि इथल्याच झाल्या, कागदोपत्रीसुद्धा. फक्त बोलताना एखादा शब्द त्यांच्या तोंडात वाकडा बसायचा. लोक हसायचे, मग त्याही हसायच्या.

मला शिवून घेतलं ते त्यांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ड्रायव्हरकाकांनी. छत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. अजूनही जिना उतरताना वळणावर हात बाहेर काढायचे.

"बाई, चांगला मोठा हवा," ते म्हणाले. "आणि उन्हात विटणार नाही असं कापड घ्या."

"काका, ऊन नंतर. वारा आधी कडा खातो. मी कडेला दुहेरी शिवण मारते. तुम्ही थकाल, झेंडा थकणार नाही."

काकांचा धाकटा भाऊ सैन्यात होता. तो घरी परत आला तेव्हा झेंड्यात गुंडाळलेला होता. तो झेंडा सरकारी माणसांनी नीट घडी करून काकांच्या आईच्या हातात दिला आणि आई गेली तेव्हा तिच्याबरोबर तोही गेला. म्हणून काकांना आपला स्वतःचा झेंडा हवा होता. हे त्यांनी सांगितलं, तेव्हा टेलरबाईंनी मशीन थांबवलं. मग सबंध दुपार दुसरं कुठलंही काम हातात न घेता मला पूर्ण केलं.

चार वर्षं मी काकांच्या सज्जात होतो. सकाळी बाहेर, दिवस मावळायच्या आत घरात. पावसाचा थेंब पडला की काका हातातला चहा तसाच ठेवून धावायचे. काकू म्हणायच्या, "झेंड्याला सगळा कठडा आणि माझ्या चादरींना कोपरा! मी भिजले तर एवढं धावाल का?" काका म्हणायचे, "तू रंग सोडत नाहीस." महिन्यातून एकदा ते मला खाली घेऊन जात आणि टेलरबाई इस्त्री करून देत. ते माझे चांगले दिवस. तेव्हा मला वाटायचं, झेंडा म्हणजे एवढंच: एका माणसाने जीव लावून जपलेलं कापड.

मग नगरपालिकेने जाहीर केलं की गल्लीच्या टोकाची बंद पडलेली शाळा बाहेरून आलेल्या बेघर कुटुंबांना राहायला द्यायची. गल्लीत कुजबुज सुरू झाली, कुजबुजीची बाचाबाची झाली, आणि एका शनिवारी प्रत्येक विजेच्या खांबावर झेंडा दिसला. ते लावणाऱ्यांत सगळ्यात पुढे होते काकांचे जावई. नगरपालिकेची माणसं गाडी घेऊन आली, झेंडे उतरवून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे खांबावर.

"आपल्याच गावात आपलाच झेंडा लावायला परवानगी काढायची?" सलूनवाला विचारायचा. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक मान डोलवायचं, वस्तरा गळ्याशी असताना वाद कोण घालतो?

औषधांच्या दुकानातल्या बाई पायरीवरून उत्तर द्यायच्या, "लावा की! स्वतःच्या घरावर लावा. पावसापाण्यात चिंध्या होईपर्यंत खांबाला लटकवून ठेवायचा, हा कसला मान?"

दोघांचंही मला पटायचं. त्या खांबांवरच्या माझ्या भावंडांत प्रेमाने बांधलेले होते, तसे कुणाला तरी दाखवून द्यायला बांधलेलेही होते. खालून बघणाऱ्याला फरक कळत नाही. गाठ मारणाऱ्या हाताचा आम्हाला कळतो.

एक दिवस जावई वर आले. "बाबा, तुमचा सगळ्यात मोठा आहे. समोरच्या खांबावर शोभेल. द्या ना."

काका क्षणभर घुटमळले. पण निवृत्तीनंतर गल्लीत त्यांना कुणी काही मागितलं नव्हतं. त्यांनी मला दिलं. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं. सज्जातून खांबावर, म्हणजे बढतीच की!

जावयांनी मला बांधलं तो खांब टेलरबाईंच्या खिडकीला अगदी लागून. वारा असला की मी रस्त्यावर फडकायचो. वारा पडला की सरळ खाली लोंबायचो, आणि खिडकीचा तीन चतुर्थांश भाग माझ्यामागे जायचा.

तीन-चार दिवसांनी टेलरबाई जिन्यात काकांना भेटल्या. "काका, जरा वर बांधता येईल का त्याला? उजेड जातो. सुईत दोरा ओवता येत नाही."

"हात्तिच्या! सांगतो की जावयांना," काका म्हणाले.

सांगितलंही. जावई म्हणाले, "आता एकदा बांधलाय, बाबा. उतरवताना कुणी पाहिलं तर काय म्हणतील?" काका म्हणाले, "असो." त्या 'असो'ला माझ्या डोळ्यांदेखत पंधरा दिवस झाले. टेलरबाईंनी पुन्हा विचारलं नाही. मशीन आणखी खिडकीशी ओढलं आणि मान तिरकी करून काम करू लागल्या.

रविवारी सकाळी नगरसेविका लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला आल्या. गर्दी मोठी, म्हणून सगळे रस्त्यातच, माझ्या खालीच जमले. सलूनवाला बोलला, औषधवाल्या बाई बोलल्या, शाळेचा विषय निघाला, आवाज चढले. काका जावयांच्या शेजारी उभे होते. लोक येताजाता त्यांच्या पाठीवर थाप मारत होते: "काका, तुमचा झेंडा म्हणजे झेंडा!"

तेवढ्यात टेलरबाईंनी हात वर केला. चारचौघांत बोलायची सवय नाही, त्यात वाकडे बसणारे शब्द. "मला झेंड्याबद्दल काही म्हणायचं नाही," असं त्या म्हणाल्या, पण ते गोंगाटात गेलं. मग जरा शांतता झाली आणि पुढचं वाक्य मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"या झेंड्यामुळे अंधार होतो."

आधी कुणीतरी हसलं. मग मागून आवाज आला, "काय म्हणाली? झेंड्यामुळे अंधार?"

"वीस वर्षं इथलं अन्न खाल्लं, आणि आता हे?"

टेलरबाई गोंधळल्या. त्यांनी खिडकीकडे हात केला, पण तिकडे बघतंय कोण? मग त्यांनी काकांकडे पाहिलं. गल्लीत तो एकच माणूस होता ज्याला त्या वाक्याचा अर्थ आधीपासून ठाऊक होता. काकांनी तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत काम झालं असतं: "खिडकीबद्दल बोलतायत." बस.

काकांनी टेलरबाईंकडे पाहिलं. मग वर माझ्याकडे. मग स्वतःच्या चपलांकडे. आणि मूग गिळून उभे राहिले.

मी खाली लोंबत होतो. त्या दिवशी वारा नावाला नव्हता. निदान तेवढ्यापुरतं तरी मला बाजूला सरकता आलं असतं, तर बाईंच्या मशीनवर एकदम पडलेला उजेड सगळ्यांना दिसला असता. पण झेंड्याच्या हातात स्वतःचं फडकणंसुद्धा नसतं.

संध्याकाळपर्यंत 'ध'चा 'मा' झाला होता. 'झेंडा म्हणजे अंधार', असं ती म्हणाली म्हणे. दोन दिवसांत ते 'तुमचा झेंडा म्हणजे अंधार' झालं. गल्लीबाहेरची माणसं येऊन दुकानाचा फोटो काढून जाऊ लागली. एक बाई मुलीच्या लग्नाचा अर्धवट शिवलेला पोशाख टाचण्यांसकट परत घेऊन गेली. टेलरबाई म्हणत होत्या, "टाचण्या टोचतील, निदान त्या काढून देते," पण ती थांबली नाही. मग कुणी खिडकीच्या गजांना आणखी चार लहान झेंडे बांधले. आता आत काहीच उजेड जाईना. टेलरबाईंनी मशीन दुकानामागच्या आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि एका दिव्याखाली काम सुरू केलं.

ज्या बाईने मला शिवलं, तिचा उजेड मी अडवला. बाकीचे चार नंतर आले. पहिला मी होतो.

आठवड्याने, दुपारी जेवणं आटोपल्यावर, आतून किंकाळी आली. मशीनची सुई टेलरबाईंच्या बोटात, नखातून आरपार गेली होती, आणि टोक आतच मोडलं होतं. काकू पदराला हात पुसत धावल्या. त्यांनीच बाईंना दवाखान्यात नेलं, टोक काढेपर्यंत दुसरा हात धरून बसल्या. परत आल्या त्या सरळ सज्जात. काका तिथे पेपर वाचत होते. त्यांचा सज्जा माझ्या अगदी समोर, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"तिने तुम्हाला जिन्यात सांगितलं होतं? उजेडाचं?"

काकांनी पेपर खाली ठेवला नाही.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय. मला वाटलं होतं, त्या दिवशी तुम्हाला तिचं बोलणं कळलंच नसेल. मी चार बायकांना तसंच सांगितलं. म्हटलं, यांना कळलं असतं तर हे गप्प बसले नसते."

काकांनी पेपरची घडी केली.

"कळलं होतं?"

"हो," काका म्हणाले.

काकू वळल्या. आत गेल्या. बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. दुपारची भांडी एवढी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऐन बाराला काका शिडी घेऊन खाली आले. वय एकाहत्तर, गुडघे दुखरे. एकेक पायरी मोजत चढले. रस्ता थबकला. सलूनवाला वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. जावई धावत आले.

"बाबा, काय करताय? लोक बघतायत!"

"बघू देत. म्हणून तर दुपारी आलो."

"झेंडा उतरवताय? तुम्ही?"

"माझा आहे. घरी नेतोय." गाठ सुटेना. जावयांनी ती पक्की मारली होती. काकांनी शेवटी दातांनी सोडवली. खाली उतरून मला खांद्यावर टाकलं आणि जमलेल्यांकडे वळले. बसमध्ये शेवटचा थांबा सांगायचे तसा आवाज लावायचा प्रयत्न केला, पण तो लागला नाही.

"ती झेंड्याबद्दल बोलली नव्हती. खिडकीतून उजेड येत नाही, एवढंच म्हणत होती. मला आधीच सांगितलं होतं तिने. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. सलूनवाला तेवढा म्हणाला, "मग तेव्हाच बोलायचं होतं ना, काका," आणि आत गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

जावयांनी गजांवरचे चार झेंडे काढले, पण सासऱ्यांशी बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. मुलगी फोन करते, तो काकूंना.

मला घेऊनच काकांनी दुकानाचं दार वाजवलं. टेलरबाईंनी उघडलं. बोटाला पांढरी पट्टी.

"बाई, चुकलो," काका म्हणाले.

त्यांनी पट्टीचं बोट दुसऱ्या हातात धरलं. मग शब्द जुळवत म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलं होतं."

"हो."

"तुम्ही पण बघितलंत."

"हो."

"मग आता मी काय बोलू, ड्रायव्हरसाहेब?"

त्यांनी दार आपटलं नाही. हळू लावून घेतलं. वीस वर्षांत त्यांनी काकांना कधी 'साहेब' म्हटलं नव्हतं. दारापुढे काका कितीतरी वेळ उभे होते. त्यांच्या खांद्यावरून मी मात्र त्या दाराकडे बघू शकलो नाही.

पुढे नगरपालिकेने नियम केला: झेंडा सरकारी इमारतीवर आणि ज्याच्या त्याच्या घरावर, खांबावर नाही. नियमावरूनही वाद चालूच आहे. शाळेत सहा कुटुंबं राहायला आली. टेलरबाईंचं मशीन पुन्हा खिडकीखाली आलं. निम्मी गिऱ्हाइकं परतली. परत आलेल्यांपैकी कुणीही त्या दिवसाचा विषय काढत नाही. माणसं चूक दुरुस्त करण्यापेक्षा ती झालीच नव्हती असं वागणं सोपं समजतात.

मी सध्या काकांच्या कपाटात आहे, गरम कपड्यांच्या घडीखाली. अधूनमधून ते मला बाहेर काढतात, मांडीवर घेऊन बसतात, पुन्हा ठेवून देतात. एकदा काकू म्हणाल्या, "लावा की सज्जात. आपल्या घरावर लावायला कोण नको म्हणतंय?"

"आधी खाली विचारून येतो," काका म्हणाले. "तिला चालेल का ते."

तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी ते जिना उतरतात. कपाटातून मला त्यांची पावलं ऐकू येतात. जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. काका सातव्या पायरीपर्यंत जातात. तिथून खालच्या मशीनचा आवाज स्पष्ट येतो. तो ऐकत थोडा वेळ उभे राहतात, आणि परत वर येतात.

तुमच्याकडे माझं एखादं भावंड असेल तर खुशाल लावा, आनंदाने लावा. फक्त बांधून झाल्यावर एकदा खाली उतरून त्याच्यामागे कुणाची खिडकी आहे, ते बघून या. आमच्या काकांना चार पायऱ्या उरल्यात. त्या उतरून होईपर्यंत मी इथे अंधारात आहे, आणि मला उजेडात आणा असं म्हणायचं तोंड मला नाही.